बास्किंग शार्कच्या पाठीवरचा पर: हा तोच, की दुसराच?

खाचखळगे (धागालेखक):

मंडळी, गेले तीन हिवाळे मी एका गटासाठी घरबसल्या एकच काम करतो आहे. बास्किंग शार्कच्या पाठीवरच्या पराचे, म्हणजे फिनचे, फोटो शेजारीशेजारी लावायचे आणि ठरवायचं, हा मासा आधी दिसलेला की नवा. मागे कुठल्याशा धाग्यावर ओझरतं लिहिलं होतं तेव्हा 'वेगळा धागा काढा' अशी सूचना आली. काढला.

आधी माशाची तोंडओळख, आणि याच्या बाबतीत ती शब्दशः तोंडापासूनच. हा पोहता पोहता जबडा वासतो तेव्हा समोर जवळजवळ मीटरभर रुंदीचं भगदाड दिसतं. दात आहेत, पण बारीक आकड्यांसारखे, खाण्यात त्यांचा काही उपयोग नाही. पाणी तोंडातून आत जातं, कल्ल्यांच्या लांबलचक फटींतून बाहेर पडतं आणि मधल्या कंगव्यांत अडकतात ते कोपेपॉड नावाचे तांदळाच्या कणीएवढे जीव. एवढ्यावर हा सहा ते आठ मीटर वाढतो. १८५१ साली कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात हेरिंगच्या जाळ्यात अडकलेला एक तर १२.२७ मीटर भरला होता. माशांमध्ये याच्याहून मोठा फक्त व्हेल शार्क.

खायला वर आला की पाण्याबाहेर तीन टोकं दिसतात: नाकाचा शेंडा, पाठीवरचा पर आणि शेपटीचं वरचं टोक. पहिल्यांदा बघणारा हटकून 'दोन आहेत, दोन!' म्हणून ओरडतो, कारण शेपूट परापासून इतकी लांब असते की ती त्याच माशाची वाटतच नाही. आमच्या कामाचा भाग मधला. मोठ्या माशाचा पर मीटरभर उंच असतो आणि पाण्याबाहेर आला की कधीकधी स्वतःच्याच वजनाने एका बाजूला कलंडतो.

पराची पुढची कड जाड आणि टणक. तिथे फारसं काही घडत नाही. मागची कड पातळ. बोटीचा पंखा, सापळ्यांचे दोर, जाळी, जे काही लागतं त्याची खूण बहुतेक तिथेच राहते. कुठे व्हीसारखी खाच, कुठे पानाचा कोपरा कुरतडल्यासारखी वाटी, कुठे नुसती चीर. त्याशिवाय सपाट बाजूंवर डाग, ओरखडे, वण.

पहिल्याच हिवाळ्यात मी शेण खाल्लं. एका दिवसाच्या फोटोंतून दोन 'नवे' मासे यादीत घातले. दोघांच्याही मागच्या कडेला, शेंड्यापासून साधारण एकतृतीयांश उंचीवर, व्हीसारखी खाच. पण एकाच्या परावर फिकट डागांची माळ होती आणि दुसऱ्याचा पर कोरा. मी म्हटलं, खाच सारखी हा योगायोग. दोन महिन्यांनी गटातल्या एका जाणत्या बाईंनी विचारलं, "अरे, याचं तोंड डावीकडे आहे आणि त्याचं उजवीकडे, पाहिलंस का?" डाव्या अंगाला डाग होते, उजव्या अंगाला नव्हते. मासा एकच! खाच आरपार असते, दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त उलटी. डाग ज्या बाजूचा त्याच बाजूचा. इतकं साधं, आणि तरी दोन महिने माझ्या यादीत एक मासा दोनदा पोहत होता.

आता खरी गोम. परावर दिसतं ते सगळं टिकत नाही. या माशाच्या अंगावर काळपट, उग्र वासाचा बुळबुळीत थर असतो. तो खरवडला गेला की खालचा फिकट पट्टा फोटोत हुबेहूब जन्मखुणेसारखा वाटतो. अंगाला चिकटणारे परजीवी लांबून काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात, आणि पुढच्या आठवड्यात ते तिथेच असतील असं नाही. लॅम्प्री नावाचा ईलसारखा, जबडाच नसलेला प्राणी तोंडाच्या चकतीने चिकटतो आणि सुटल्यावर गोल वण ठेवून जातो. म्हणून माझा क्रम असा: आधी खाच, मग वण, मग डाग. नुसत्या रंगछटेवर मी कुणालाही 'तोच' म्हणत नाही.

हे सगळं करून हाती काय लागतं? स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर २००४ ते २०११ या काळात जमवलेल्या फोटोंचा एक अभ्यास २०१६ साली 'प्लॉस वन' या विज्ञान-नियतकालिकात आला. ९२१ भेटींचे फोटो, त्यांतून ओळखण्याजोगे ठरलेले ७१० मासे, आणि पुन्हा दिसलेले ४१. तेही बहुतेक त्याच वर्षी, त्याच जागेच्या आसपास. सर्वांत लांबची पुनर्भेट दोन वर्षांनंतरची. ज्यांची पुनर्भेट झाली त्यांच्या खुणा जवळजवळ जशाच्या तशा होत्या, म्हणजे पद्धत निदान तेवढ्या काळापुरती चालते.

७१० पैकी ४१. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, एवढा खटाटोप आणि हातात ४१? हल्ली मला त्या ४१ पेक्षा उरलेल्या ६६९ ची जास्त उत्सुकता आहे. विचारा काय विचारायचं ते.

उधाणवारा:

रुमाल टाकतो. रात्री निवांत वाचेन.

अळूमाळू:

वा, वेगळाच विषय. वाचनखूण साठवली आहे. एक बाळबोध शंका: हा देवमासाच ना?

खाचखळगे:

नाही हो अळूमाळूताई. देवमासा म्हणजे व्हेल, तो सस्तन प्राणी, श्वास घ्यायला वर येतो. हा अस्सल मासा, कल्ल्यांनी श्वास घेणारा. लांबून ओळखायची सोपी खूण म्हणजे शेपूट. देवमाशाची आडवी असते आणि वर-खाली हलते, याची उभी असते आणि डावी-उजवीकडे. पाण्यावर उभं टोक लयीत इकडून तिकडे जाताना दिसलं की तो शार्क.

शंकेखोर:

लेख आवडला, पण २०२४ नंतरच्या जगात माणसं अजून डोळे फोडून फोटो जुळवताहेत हे काही झेपलं नाही. टॅग लावा, उपग्रहावरून बघा, विषय संपला. नाहीतर डीएनए काढा.

खाचखळगे:

दोन्ही होतं, आणि दोन्हींतून फोटोतून कधीच न कळणाऱ्या गोष्टी कळल्यात. २००७ साली ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटाजवळ टॅग लावलेली एक मादी ८२ दिवसांत ९,५८९ किलोमीटर पोहून कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या बाजूला निघाली. वाटेत तिने १,२६४ मीटर खोल बुडी मारली होती. अमेरिकेतल्या केप कॉडजवळ टॅग लावलेले काही मासे विषुववृत्त ओलांडून ब्राझीलपर्यंत गेले, तेही बराच काळ कित्येकशे मीटर खोलीवर राहून. डोळे फोडून हे दिसणार नाही, मान्य.

पण टॅग महाग. लावायला माशाच्या अगदी जवळ जावं लागतं. काही महिन्यांनी तो गळतो, गळावा अशीच रचना असते. वर्षाला दहा-वीस माशांना लागतो. फोटो मात्र सहलीच्या बोटीवरचा कुणीही काढतो, आणि खाच गळून पडत नाही.

डीएनएचं म्हणाल तर तो बुळबुळीत थर तिथे कामाला येतो. लांब काठीच्या टोकाला खरखरीत कापड लावून पाठीवरून एकदा फिरवलं की पुरेसा नमुना मिळतो, माशाला इजा नाही. तेच मासे पुन्हा भेटल्याच्या नोंदी त्यातूनही झाल्या आहेत. वास मात्र कपड्यांतून जात नाही म्हणे. मी घरबसल्या काम करतो ते एका अर्थी बरंच आहे.

तळ्यात_मळ्यात:

शंकेखोर, डोळ्यांऐवजी संगणक वापरायची सोय व्हेल शार्कच्या बाबतीत कधीचीच आहे, आणि तिची कुळकथा भारी आहे. व्हेल शार्कच्या अंगावरचे पांढरे ठिपके म्हणजे तारांगणच. आकाशाच्या दोन फोटोंतले तारे जुळवायला खगोलशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये एक रीत काढली होती. कुठलेही तीन तारे घेऊन त्रिकोण करायचा आणि त्रिकोणांचे आकार ताडून बघायचे. २००५ मध्ये तीच रीत व्हेल शार्कच्या ठिपक्यांना लावली आणि ती चालली.

बास्किंग शार्कची पंचाईत अशी की याच्या अंगावर तारेच नाहीत. सगळा करडा-तपकिरी. म्हणून पराची कड, जशी डॉल्फिनच्या बाबतीत १९७० च्या दशकापासून बघतात. पराच्या कडेची रेघ आखून जुळवणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण ती डॉल्फिनच्या ताठ पराला सरावलेली. इथे पर कलंडणार, निम्मा पाण्यात असणार, वर लाट. शेवटी संगणक दहा जवळचे उमेदवार काढून देतो आणि अकरावा माणूस बसून त्यांतून निवडतो.

खाचखळगे:

अकरावा माणूस हजर आहे. :)

तळ्यात_मळ्यात म्हणतात ते अगदी बरोबर. त्यात एक पुरवणी. पराचा तळ बहुतेक वेळा पाण्याखाली असतो, म्हणून तळापासून मोजायचं नाही, शेंड्यापासून खाली मोजायचं. शेंडा ते पहिली खाच किती, पहिली ते दुसरी किती, आणि या दोन अंतरांचं गुणोत्तर काय. बोट जवळ असो की लांब, गुणोत्तर फारसं हलत नाही. पर कॅमेऱ्याकडे किंवा कॅमेऱ्यापासून दूर झुकला असेल तर थोडं हलतं. मासा तिरका जात असेल तर खाचेची खोली चुकते, उंची नाही. म्हणून मी खोलीपेक्षा उंचीवर जास्त विसंबतो.

गणिती_गोंधळ:

मला ते ६६९ छळताहेत. वरच्या चर्चेत कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

पुन्हा दिसलेल्यांवरून एकूण संख्या काढायचं गणित सोपं आहे. आकडे माझ्या मनाचे आहेत. पहिल्या फेरीत ५० मासे ओळखले. दुसऱ्या फेरीत ४० दिसले, त्यांतले ४ जुने. म्हणजे दहात एक जुना. तर ते पहिले ५० हे एकूण माशांच्या एकदशांश असणार, म्हणजे एकूण ५००.

आता समजा त्या चारांपैकी दोन जोड्या खाचखळगेंच्या नजरेतून निसटल्या. एकाचा फोटो धूसर होता, दुसऱ्याची उजवी बाजूच नव्हती. ४० मध्ये २ जुने, म्हणजे विसात एक. एकूण १०००. समुद्रात एक मासा वाढला नाही, फक्त बघणाऱ्याचा डोळा थकला आणि संख्या दुप्पट झाली. जोड्या जितक्या विरळ जुळतात तितकी एकेका चुकीची किंमत मोठी. ७१० पैकी ४१ म्हणजे अगदी त्याच धोक्याच्या पट्ट्यात.

आणि हे गणित धरून चालतं की दोन फेऱ्यांच्या मध्ये कुणी आलं-गेलं नाही. जो प्राणी ८२ दिवसांत महासागर ओलांडतो त्याच्या बाबतीत हे धरायचं?

शंकेखोर:

घ्या. म्हणजे माझी शंका रास्तच होती, फक्त मी चुकीच्या ठिकाणी घेतली होती.

खाचखळगे:

गणिती, दंडवत. माझ्या त्या डाव्या-उजव्या घोळाने नेमकं हेच केलं होतं, फक्त एका माशापुरतं.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा सांगतो, तुमच्या शेवटच्या मुद्द्याला धरून आहे. हेब्रिडीज, म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेची बेटं. तिथल्या मल, कॉल आणि टायरी बेटांमधल्या एकाच अड्ड्यासाठी त्यांनी दोन वर्षी सहा ते नऊ दिवसांपुरता अंदाज काढला. २०१० साठी आला ९८५, आणि त्याची मर्यादा ४९४ ते १६८३. २०११ साठी आला २०१, मर्यादा १४३ ते ३४०. वर्षात चारपंचमांश मासे मेले असं कुणीही म्हणणार नाही. ते त्या वर्षी तिथे आले नाहीत, किंवा आले आणि वर आले नाहीत. कोपेपॉड जिथे दाटतात तिथे हे जातात. आपण मोजतो ती समुद्रातल्या माशांची संख्या नसून त्या दिवसांत त्या अड्ड्यावर असणाऱ्यांची.

आणि वर न येणं हे नेहमीचंच निघालं. कॉल आणि टायरी बेटांजवळ काही माशांच्या अंगावर कॅमेरे लावले होते. नाव 'बास्किंग', म्हणजे ऊन खाणारा, आणि हे पठ्ठे बहुतेक वेळ तळाजवळ फिरत होते. आपण फोटो काढतो तो त्यांच्या दिवसातल्या थोड्याशा वेळाचा.

चुकांचं म्हणाल तर आम्ही तीन ढीग ठेवतो: नक्की, बहुधा, नाही. प्रत्येक जोडी दोघं जण स्वतंत्र बघतात, एकमेकांचा निकाल न कळता. गणितात फक्त 'नक्की' जातात. त्याने खोट्या जोड्या कमी होतात, पण तुम्ही म्हणता तशा निसटलेल्या जोड्या वाढतात. म्हणून दुसऱ्या टोकाने 'बहुधा' धरूनही एकदा गणित करतात. खरी संख्या त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असावी अशी आशा.

मीठभाकर:

अवांतर: हा मासा मेल्यावर आणखी गमती करतो. सडताना खालचा जबडा आणि कल्ले आधी गळून पडतात. मग उरते छोटी कवटी, लांब मानेसारखा कणा आणि दोन्ही बाजूंना पर. लोकांना वाटतं, सापडला समुद्रराक्षस! १८०८ मध्ये ऑर्कनी बेटांवर वाहून आलेला 'स्ट्रॉन्सेचा राक्षस' बहुधा हाच. १९७७ मध्ये न्यूझीलंडजवळ एका जपानी मासेमारी जहाजाने वर ओढलेलं धूड पाहून तर प्लेसिओसॉर, म्हणजे डायनोसॉरच्या काळातला लांब मानेचा समुद्री सरीसृप, जिवंत असल्याची बोंब उठली होती. त्याच्या तंतूंची तपासणी झाली तेव्हा ती बास्किंग शार्ककडे बोट दाखवत होती.

उधाणवारा:

रात्री वाचलं. मीठभाकर, तुमच्या अवांतरासाठी वेगळा रुमाल.

एक प्रश्न. याची शिकार होते का अजून?

खाचखळगे:

युरोपात नाही. पूर्वी प्रचंड झाली, यकृतातल्या तेलासाठी. यकृत म्हणजे माशाच्या वजनाचा पाव हिस्सा भरू शकतो, त्यावरून हिशेब करा. एकट्या आयर्लंडच्या अकिल बेटावर १९४७ ते १९७५ या काळात बारा हजारांहून जास्त मारले गेले. आइल ऑफ मॅनने १९९० मध्ये संरक्षण दिलं, ब्रिटनने १९९८ मध्ये, आयर्लंडने चक्क २०२२ मध्ये. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत आज हा 'संकटग्रस्त' आहे. संख्या सावरते आहे का, हे विचारलं की पुन्हा गाडी पराच्या फोटोंवर येते.

शंकेखोर:

परत मीच. 'खाच गळून पडत नाही' असं ठामपणे लिहिलंत. फ्लोरिडाजवळच्या त्या सिल्की शार्कचं काय? टॅग ओरबाडून काढल्याने त्याच्या पराचा मोठा तुकडा गेला होता, आणि ३३२ दिवसांनी तो दिसला तेव्हा पर मूळ आकाराच्या ८७ टक्क्यांपर्यंत भरून आला होता. २०२३ मध्ये छापून आलंय. मग तुमची खाच वर्षभरात बुजली तर तोच मासा नवा होणार, आणि गणितींची संख्या पुन्हा फुगणार.

खाचखळगे:

हा मात्र नेमका बाण. 'गळून पडत नाही' हे मागे घेतो. 'हळू बदलते' म्हणू.

माझी बाजू एवढीच. स्कॉटलंडच्या त्या पुनर्भेटींत दोन वर्षांपर्यंत खुणा फारशा बदलल्या नव्हत्या. मोठ्या पांढऱ्या शार्कच्या बाबतीत कॅलिफोर्नियात मागच्या कडेच्या खाचांवरून काही मासे बावीस वर्षांपर्यंत ओळखले गेले आहेत. जुनी, कडा गोल झालेली खाच मुक्कामाला आलेली असते. ताजी खाच वेगळी दिसते: कड दातेरी, आतलं मांस फिकट. ताज्या खाचेवर मी कधीच 'नक्की' लिहीत नाही, तिचा आकार अजून ठरायचा असतो.

कॅमेरावाला:

धागा वाचून जुनी हार्ड डिस्क उपसली. काही वर्षांपूर्वी हेब्रिडीजला आठवडाभर होतो. एक सहल कॉल बेटाजवळ, दुसरी सहा दिवसांनी हिस्कीरला. दोन्ही वेळा एकेकच मासा दिसला. फोटो शेजारी लावले आणि उडालो. दोघांच्या मागच्या कडेला दोन-दोन खाचा, एकीखाली एक. कॉलच्या फोटोत वरच्या खाचेशेजारी फिकट ठिपका आहे, हिस्कीरच्यात नाही. पण कॉलच्या माशाचं तोंड डावीकडे आणि हिस्कीरच्याचं उजवीकडे, तेव्हा तुमच्या पहिल्या घोळासारखंच असणार. तोच मासा ना?

खाचखळगे:

थांबा थांबा. दोन्ही मूळ फाइली आहेत ना? कापलेल्या, सजवलेल्या नकोत. आणि शेंड्यापासूनची अंतरं पडद्यावर पट्टी लावून मोजा.

कॅमेरावाला:

हसू नका. हिस्कीरचा फोटो मी तेव्हा भिंतीवर लावायला आरशासारखा उलटवला होता, मासा उजवीकडे जाताना चौकटीत बरा दिसत होता म्हणून. मूळ फाइलीत तोंड डावीकडेच आहे. म्हणजे दोन्ही फोटो डाव्या बाजूचे.

अंतरं: कॉल, शेंडा ते पहिली खाच ३१ मिमी, पहिली ते दुसरी २२. हिस्कीर, ४५ आणि ३३.

गणिती_गोंधळ:

१.४१ आणि १.३६. जवळ आहे.

खाचखळगे:

जवळ आहे, पर थोडा झुकला तरी एवढा फरक पडतो. पण आता ठिपक्याला निमित्त उरलं नाही. बाजू एकच, मग सहा दिवसांत ठिपका गेला कुठे? बुळबुळीत थर खरवडला गेला असेल आणि पुन्हा भरला असेल, शक्य आहे. परजीवी असेल आणि सुटला असेल, तेही शक्य आहे. ठिपक्यावरून 'नाही' म्हणता येत नाही आणि दोन खाचांवरून 'नक्की' म्हणवत नाही. सध्या 'बहुधा'.

पराचा खालचा मागचा कोपरा, जिथे कड अंगापासून सुटी होते, तो कुठल्या फोटोत पाण्याबाहेर आहे का? लागोपाठ काढलेले फोटो असतील तर लाट उतरते तेव्हाचा बघा.

कॅमेरावाला:

आहेत. एकदा बटण दाबलं की मी सोडत नाही. कॉलच्या अकराव्या फोटोत कोपरा पूर्ण बाहेर आहे, कड अखंड. हिस्कीरच्या चौथ्यात लाट उतरली आहे आणि कोपऱ्याच्या वर, अंगठ्याच्या नखाएवढी, तिसरी खाच आहे.

शंकेखोर:

सहा दिवसांत नवी खाच पडली असेल. बोटींची वर्दळ असते तिथे.

खाचखळगे:

पडू शकते. म्हणूनच विचारतो, कॅमेरावाला, शंभर टक्क्यांवर मोठं करून बघा. खाचेची कड दातेरी की गोल? आत फिकट की बाकी परासारखी?

कॅमेरावाला:

गोल. गुळगुळीत. रंग बाकी परासारखाच, किंचित जास्तच काळा.

खाचखळगे:

म्हणजे जुनी, भरलेली खाच. कॉलला त्या दिवशी तिथे कड अखंड होती, आणि सहा दिवसांत खाच पडून, भरून, गोल होऊन, काळी पडत नाही. शंकेखोरांच्या सिल्की शार्कचा पर ३३२ दिवसांनीही पूर्ण भरला नव्हता.

दोन वेगळे मासे. माझ्यापुरता निकाल 'नाही'. पण माझा निकाल इथे सगळ्यांनी वाचला आहे, तेव्हा दुसऱ्या नजरेसाठी मूळ फाइली मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, धाग्याचा दुवा न देता पुढे देतो. वेळ आणि जागा फाइलीत असेलच. आणि यापुढे फोटो काढाल तेव्हा एका माशाचे फोटो संपले की मध्ये एक फोटो डेकचा काढा, पुढचा मासा कुठून सुरू झाला ते कळतं. बोट मात्र माशाकडे न्यायला सांगू नका. आसपास असताना वेग सहा नॉटच्या खाली, आणि शंभर मीटरच्या आत इंजिन न्यूट्रलमध्ये. बहुतेक वेळा तोच बोटीजवळून जातो.

कॅमेरावाला:

पाठवतो. भिंतीवरचा मासा आता सुलटा करून लावावा लागणार.

आणि कॉलच्या सहलीत पर आणि शेपूट बघून 'दोन आहेत, दोन!' म्हणून ओरडणारा मीच होतो. सगळी बोट हसली होती.

उधाणवारा:

सहा दिवस लवकर ओरडलात इतकंच.